कारण : इतर

तीस गोळ्या बेचाळीस दिवस पुरल्या.
मला एवढंच दिसलं.
बाकीचं दोना युफेमियाच्या पोटात होतं,
आणि पायांत,
जे काळ्या बुटांत मावेनात म्हणून
टाचा चेपून, चपलांसारखे बूट ओढत ती आली होती.

दारावरचा हिरवा क्रूस गारठ्यात लुकलुकत होता.
रांगेत आणखी दोघं. गल्ला उघडा.
मी विचारलं, पाण्याची गोळी रोज घेता ना?
"रोज," ती म्हणाली,
आणि माझ्या मागच्या फळीकडे बघत राहिली.
त्या फळीवर टूथपेस्टशिवाय काहीच नाही.

पंचवीस वर्षं मी या काउंटरमागे उभी आहे.
"रोज"चे किती प्रकार असतात ते मला विचारा.

शेळ्या राखणारा झेफेरिनो दोनदा भोवळ येऊन पडला.
मी म्हटलं, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आण.
निघाले दोन डबे: एक आपल्या डॉक्टरचा,
एक सीमेपलीकडचा, स्पेनमधल्या भावाकडे राहिला तेव्हाचा.
नावं वेगळी, रंग वेगळे, आत तेच औषध.
त्याला वाटलेलं, एक इथल्या रक्तदाबाचं, एक तिथल्या.
आम्ही दोघंही हसलो.
मग मी लिहिलं: एकच औषध, दोनदा.
त्याला रकाना होता.

आणि आमिल्कार मास्तर.
"गुडघ्यासाठी काहीतरी दे गं," म्हणाले, मी दिलं.
रक्त पातळ करणारी गोळी तर ते माझ्याचकडून न्यायचे.
त्या दिवशी पावत्यांचं यंत्र अडकलं होतं, मी कागद उपसत होते.
तिसऱ्या आठवड्यात रुग्णवाहिका आली.
त्या नोंदीत
"चूक कोणाच्या लक्षात आली" इथे त्यांच्या सुनेचं नाव आहे,
"चूक कोणाची" इथे इल्दा फोन्तोरा, म्हणजे मी.
मास्तर वाचले.
अजून रस्त्यात भेटले की टोपी उचलतात.
उचलू नयेत असं वाटतं.

युफेमियाला आतल्या खोलीत नेलं.
खोली कसली, फडताळच; दोन खुर्च्या आणि रक्तदाबाचा पट्टा.
घेता का, असं पुन्हा विचारलं नाही.
विचारलं, कुठल्या दिवशी ती गोळी नकोशी होते?

बराच वेळ ती हातमोज्याचं बोट ओढत होती.
"मंगळवारी. आणि शुक्रवारी."
त्या दिवशी ब्रागान्साची बस असते.
जायला नव्वद मिनिटं, घाटाची वळणं,
आणि बसमध्ये जायची सोय नाही.
एकदा ड्रायव्हरला थांबवायला सांगितलं होतं.
सगळी बस खिडकीतून बघत होती, म्हणाली.
तिथल्या वृद्धाश्रमात तिचा नवरा आहे.
तो तिला ताई म्हणतो.

रात्री शटर ओढून संगणकापुढे बसले.
समस्या: औषध नियमित न घेणे.
कारण: विसरणे. गैरसमज. परवडत नाही. इच्छा नाही.
चारही वाचून पाहिले, तिच्या अंगाला एकही बसेना.
सगळ्यांत खाली: इतर.
त्यापुढे चाळीस अक्षरांची जागा.

"बसमध्ये शौचालय नाही" लिहिलं.
थोडी जागा उरली.
"नवरा ओळखत नाही, तरी जाते" एवढं त्यात बसेना.
"तरी जाते" बसलं. तेच ठेवलं.
वर कुणी वाचत असेल तर त्याला काही कळणार नाही.

सकाळी डॉक्टरांना फोन.
त्या दोन दिवशी गोळी परत आल्यावर, तीन वाजता, चालेल का?
चालेल, ते म्हणाले, एवढंच होतं होय?

काल ती खोकल्याच्या वड्या घ्यायला आली.
मी आधी खाली पाहिलं. बुटांचे बंद लागलेले,
डाव्याचा मात्र शेवटच्या भोकात.
वड्यांचे पैसे मोजून ठेवले तिने,
आणि मी म्हटलं, थांबा,
खोकला कधीपासून?